पाच वाजून वीस मिनिटांची फुलं

नवरदेव ऐनवेळी पळून जाऊ शकतो, हॉलचे दिवे जाऊ शकतात, पाहुण्यांची बस भलत्याच लग्नाला जाऊन जेवून परत येऊ शकते. पण कागदीताईची फुलं सांगितल्या दिवशी, सांगितल्या वेळी, सांगितल्या दारात पोचतात म्हणजे पोचतात! हा कागदीताईचा दावा होता, आणि चार वर्षांत तो एकदाही खोटा पडला नव्हता.

कागदीताई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. क्रेप कागदाची फुलं करायची, ती जाळीच्या चौकटींवर बसवायची आणि लग्नाच्या दिवशी स्टेजमागे फुलांची अख्खी भिंत उभी करून द्यायची, हा तिचा धंदा. म्हणून गिऱ्हाइकांनी तिला कागदीताई केलं, आणि हळूहळू दूधवालासुद्धा तेच म्हणायला लागला.

धंदा घरातूनच चाले. बाहेरच्या खोलीच्या अर्ध्या भागात तिचं टेबल, कागदाच्या गुंडाळ्या, तारा, हिरवी चिकटपट्टी, गरम गोंदाचं पिस्तूल. उरलेल्या अर्ध्या भागात अडीच वर्षांची ठकू, ठकूची खेळणी आणि ठकूवर लक्ष ठेवणाऱ्या सासूबाई. ठकूवर लक्ष ठेवणाऱ्या सासूबाईंवर लक्ष ठेवायचं काम पुन्हा कागदीताईचंच.

लक्ष ठेवणं हा तिचा स्वभावच होता. घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्याला तिने रबरी टोप्या घातल्या होत्या. प्लगच्या भोकांना झाकणं होती, कपाटांना कड्या होत्या, गोंदाचं पिस्तूल तर इतक्या उंच फळीवर होतं की काढताना तिची स्वतःचीच मान लचकायची. त्यात तिची रसायनशास्त्राची पदवी! घरातल्या कुठल्या बाटलीत काय आहे आणि ते पोटात गेलं तर पुढे काय काय होईल, हे तिला नको इतकं ठाऊक होतं. नवरा म्हणायचा, "आपल्या घरात राहायचं म्हणजे गादीत राहिल्यासारखं आहे. कुठेही पड, लागत नाही."

तर अशा या कागदीताईकडे ते दोघे आले.

मुलगी लहान मुलांच्या शाळेत शिकवायची. तिला खऱ्या फुलांची ॲलर्जी होती. गुलाब नुसता समोर आला तरी अकरा शिंका. म्हणून कागदाची फुलं. मुलगा तिच्याशेजारी ताठ बसला होता. खुर्चीवर बसण्याआधी त्याने खुर्ची हलवून पाहिली होती, हे कागदीताईच्या नजरेतून सुटलं नाही. असा माणूस तिला एकदम आवडला.

"ताई, आधीच सांगते," मुलगी म्हणाली, "आम्ही जरा पोळलेले आहोत. हॉलवाल्याने एकाच दिवशी दोन लग्नं घेतली. गाणाऱ्याने आजारी आहे म्हणून कळवलं आणि त्याच आठवड्यात दुसऱ्यांच्या लग्नात गाताना दिसला. फोटोग्राफर तर फोनच उचलेना. सात दिवसांनी त्याचे फोटो दिसले, स्वतःच्याच लग्नाचे!"

"तिघांनाही आम्ही एकच सांगितलं होतं," मुलगा म्हणाला. "उशीर चालेल, चूक चालेल. काही बिघडलं तर फक्त आम्हाला सांगा. तिघांनीही सांगितलं नाही. आता ही म्हणते, आणखी एकाने फसवलं तर तिला लग्नच नको. म्हणजे समारंभ नको. सही करायची आणि घरी जायचं."

"आपण कोणाला नकोच आहोत असं वाटायला लागतं," मुलगी हळूच म्हणाली. "आपल्या लग्नाचं कोणालाच काही पडलेलं नाही असं."

पुढे सरकून कागदीताई म्हणाली, "माझ्याकडून तुम्हाला खोटं ऐकायला मिळणार नाही. आणि नुसता शब्द नको, मी रोज संध्याकाळी तुम्हाला कामाचा फोटो पाठवते. रोज! आज किती फुलं झाली, डोळ्यांनी बघा."

मुलाचा चेहरा पहिल्यांदाच सैल पडला. "हे बरं झालं. फोटो मला कळतात."

"हो? तुम्ही काय करता?"

"विमा कंपनीत आहे. लोक नुकसानभरपाई मागताना जे फोटो पाठवतात ना, त्यातले खोटे कुठले ते शोधून काढतो."

"अरे वा!" कागदीताई म्हणाली. खोटे फोटो पकडणाऱ्या माणसाला रोज एक फोटो पाठवायचं तिने स्वतःहून, आनंदाने कबूल केलं होतं. त्या वेळी तिला त्यात धोका दिसला नाही. दिसायचं कारणच नव्हतं. तिच्या टेबलांना टोप्या होत्या.

चारशे फुलं ठरली. रंग गर्द वांगी आणि साईसारखा पांढरा. एका फुलाला सात मिनिटं लागतात: पाकळ्या कापायच्या, दोन्ही अंगठ्यांनी मधोमध ताणून त्यांना वाटीसारखा खोलगटपणा द्यायचा, तारेभोवती एकेक बसवायची, खाली हिरवी पट्टी गुंडाळायची. तीन आठवडे काम झकास चाललं. रोज पाचच्या आसपास खिडकीतून चांगला उजेड येई, तेव्हा ती फोटो काढून पाठवी. मुलगी हृदयं पाठवी, मुलगा एक अंगठा.

लग्नाला अकरा दिवस उरले असताना तीनशे ऐंशी फुलं होऊन चौकटींवर बसली होती. कागदीताई स्वयंपाकघरात उभी राहून एका नव्या गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत होती.

"छे छे, काळजीच करू नका! इतरांचं मी बोलत नाही, पण माझ्याकडे आज वीस फुलं कमी असतील तर तुम्हाला आजच कळेल, वीस कमी आहेत म्हणून. विश्वासावर तर चाललंय सगळं..."

बोलता बोलता ती थांबली. बाहेरच्या खोलीतून काहीच आवाज येत नव्हता. सासूबाईंच्या घोरण्याचा तेवढा येत होता. अडीच वर्षांचं मूल ज्या खोलीत आहे तिथून आवाज येत नाही याचा अर्थ काय, हे ज्यांच्या घरी मूल आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांनी सुखाने राहावं.

कागदीताई धावली.

चौकटींसमोर ठकू उभी होती. हातात तिची छोटी झारी. गॅलरीतल्या कुंड्यांना रोज सकाळी पाणी घालायला कागदीताईनेच तिला शिकवलं होतं. "फुलांना तहान लागते ना? मग कोण पाणी देणार? आमची शहाणी ठकू!" असं म्हणत टाळ्याही तिनेच वाजवल्या होत्या. आता शहाण्या ठकूने आईच्या तहानलेल्या फुलांनाही पाणी घातलं होतं. एक झारी नव्हे. गॅलरीतली बादली जवळपास रिकामी होती.

क्रेप कागदाचा रंग पाण्यात सुटतो. हे कळायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही, पण ती असली की जास्त वाईट वाटतं. वांगी रंगाचं पाणी पांढऱ्या फुलांत उतरलं होतं, आणि पांढरी फुलं कोणीतरी डोळ्यांखाली ठोसे मारल्यासारखी दिसत होती. वांगी फुलांनी तर मानाच टाकल्या होत्या.

"प्यायली!" ठकू म्हणाली. "शगळी प्यायली!"

रागवावं तर कशाबद्दल? कागदीताई खाली बसली. सासूबाई जाग्या झाल्या, त्यांनी फुलांकडे पाहिलं, ठकूकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "मी डोळेच मिटले होते हो. झोपले नव्हते."

मोजून पाहिलं. एकशे वीस फुलं वाचली होती, वरच्या ओळींतली. तिथवर ठकूचा हात पोचला नव्हता. म्हणजे दोनशे ऐंशी नव्याने करायची. दिवस अकरा. काम होण्यासारखं होतं. प्रश्न कामाचा नव्हताच. प्रश्न होता पाचच्या फोटोचा.

'सांगून टाक,' कागदीताईचं एक मन म्हणालं. 'चूक चालेल म्हणालेत ते.'

'आणि तिने लग्नच मोडलं तर? म्हणजे समारंभ?' दुसरं मन म्हणालं. 'आधीच तिला वाटतंय, कोणाला काही पडलेलं नाही. अकरा दिवस तिला घोर कशाला? तू आहेस ना घोर करायला!'

हे दुसरं मन अधिक सवयीचं होतं. कागदीताईने फोन उघडला, कालचा फोटो शोधला आणि पाठवून दिला. हृदयं आली. अंगठा आला. तिला इतकं हलकं वाटलं की दुसऱ्या दिवशीही तिने तोच पाठवला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी अंगठ्याऐवजी मजकूर आला.

"ताई, एक शंका. आधीच्या फोटोंत तुमच्या भिंतीवरचं घड्याळ कधी पाच पाच, कधी पावणेसहा दाखवायचं. गेले काही दिवस रोज बरोबर पाच वीस?"

कागदीताईला घाम फुटला. घाईघाईने तिने लिहिलं, "बंद पडलंय ते."

पाठवलं, आणि लगेच खुर्चीवर चढून तिने घड्याळ उतरवलं, काटे पाच वीसवर आणले आणि सेल काढून खिशात टाकला. घ्या. आता हे खोटं नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. "बरं. आणि टेबलावरचं केळं? तेही इतके दिवस तसंच पिवळं आहे. एकही काळा ठिपका नाही."

आता याला काय म्हणावं! फुलं बघायची सोडून हा माणूस केळ्याचा ठिपका बघत होता! कागदीताईने लिहिलं, "प्लास्टिकचं आहे. मुलीचं खेळणं."

मग ठकूला कडेवर घेऊन ती कोपऱ्यावरच्या खेळण्यांच्या दुकानात गेली.

"सुटं केळं मिळेल का? प्लास्टिकचं?"

"सुटं नाही. पूर्ण भाजीबाजार घ्यावा लागेल," दुकानदार म्हणाला. "अठरा नग. तराजूसकट."

पूर्ण भाजीबाजार घेऊन ती घरी आली आणि केळं टेबलावर ठेवलं. ठकूने तराजू जिन्यातूनच ताब्यात घेतला होता. तेवढ्यात मुलाचं उत्तर आलं: एक अंगठा. कागदीताईने सुटकेचा श्वास सोडला. विश्वास बसला म्हणायचा! विमा कंपनीत त्या अंगठ्याचा अर्थ 'विश्वास बसला' असा नसून 'नोंद घेतली' असा असतो, हे तिला कोण सांगणार?

घरात मात्र बंद घड्याळाने गोंधळ मांडला. सासूबाईंची औषधं, ठकूचं दूध, नवऱ्याची निघायची वेळ, सगळं त्या घड्याळावर चालायचं. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी नवा सेल घातला. कागदीताईने काढला. त्यांनी आणखी एक घातला. तिने तोही काढला.

"अगं, या घड्याळाला सेल पचत नाहीत गं," सासूबाई काळजीने म्हणाल्या. "तीन झाले. कुठे जातात कोण जाणे."

तिन्ही सेल कागदीताईच्या खिशात खुळखुळत होते. "जुनं झालं असेल, आई," ती म्हणाली.

"जुनं काय! माझ्यापेक्षा लहान आहे."

तिकडे फुलं वाढत होती. आता ती खरेखुरे, त्या दिवशीचे फोटो पाठवू शकत होती, आणि पाठवतही होती; वाचलेली फुलं पुढे, नवी मागे, रिकामी जागा कडेला कापून. पण खऱ्या फोटोतही घड्याळात पाच वीसच, आणि केळं तर आता म्हातारं व्हायचंच नव्हतं. खोटे फोटो जितके खरे दिसले नसतील तितके हे खरे फोटो खोटे दिसत होते. रोज अंगठा येत होता. हृदयं मात्र यायची थांबली होती. 'लग्नाची धावपळ,' कागदीताई मनाशी म्हणाली.

लग्नाला सहा दिवस असताना डेकोरेशनवाल्या दादांचा फोन आला. हे दादा मोठमोठे हॉल सजवायचे. पडदे, दिवे, खुर्च्यांचे बो, सगळं त्यांचं. पण कागदाचं फूल त्यांच्या सात पिढ्यांत कोणी केलं नव्हतं. तशी मागणी आली की ते गिऱ्हाइकाला "आपले कारागीर आहेत ना" म्हणायचे आणि गुपचूप कागदीताईला फोन लावायचे.

"ताई, तीनशे फुलं हवीत. या रविवारी. नाही म्हणू नका!"

"दादा, रविवारी माझं स्वतःचं लग्न आहे. म्हणजे माझ्या गिऱ्हाइकाचं. मला मान वर करायला वेळ नाही."

"अहो, पोरं रडकुंडीला आलीत! त्यांनी आधी एका बाईला काम दिलं होतं. ती बाई त्यांना फसवतेय. फोटोत काहीतरी गोलमाल करते म्हणे."

"फोटोत?" कागदीताईच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आपण काय केलं ते तिला आठवलं. पण आपलं वेगळं होतं. आपण मुलीला घोर नको म्हणून केलं होतं. आपली फुलं पोचणार होती. "काय एकेक लोक असतात हो! दादा, असल्या बायकांमुळेच आपल्या धंद्यावरचा विश्वास उडतो. लग्न ठरलेली पोरं, त्यांना असं टांगून ठेवायचं? लाज कशी वाटत नाही?"

"तेच म्हटलं मी त्यांना. म्हटलं, अशा बाईला दारात उभी करू नका."

"बरोबर केलंत!"

"मग घेताय ना?"

कागदीताईने डोळे मिटले. एका जोडप्याशी आपण खोटं बोललो. निदान दुसऱ्या जोडप्याच्या अडचणीला तरी धावून जावं. तेवढंच पारडं जरा हलकं होईल.

"घेते," ती म्हणाली. "रंग?"

"वांगी आणि पांढरा."

"सगळ्यांना हाच हवा असतो सध्या. बरं झालं, कागद घरात आहे."

"त्या पहिल्या बाईने पाठवलेला फोटो आहे माझ्याकडे. हवा असेल तर पाठवतो, अंदाजाला."

"मुळीच नको!" कागदीताई ताठ होऊन म्हणाली. "दुसऱ्याचं काम बघून मी काम करत नाही. त्यात तसल्या बाईचं तर नाहीच!"

मग सुरू झाला फुलांचा महापूर. सासूबाई पाकळ्या कापू लागल्या. नवरा ऑफिसातून आला की हिरवी पट्टी गुंडाळू लागला, आणि त्याने गुंडाळलेलं प्रत्येक फूल पायाला प्लास्टर घातल्यासारखं दिसू लागलं. "ही दादांच्या ढिगात टाक," कागदीताई सांगायची, "आणि हात धुऊन मग माझ्या फुलांना लाव." ठकू तराजूत फुलं घालून विकत होती. तिला पाण्यापासून चार हात लांब ठेवलं होतं. झारी आता गोंदाच्या पिस्तुलाशेजारी, उंच फळीवर होती. शनिवारी दुपारी शेवटचं फूल झालं. दादांचा माणूस तीनशे फुलं घेऊन गेला, आणि कागदीताईच्या चारशे फुलांची भिंत पूर्ण उभी राहिली. पहिल्या भिंतीपेक्षा सुंदर. तिने त्या दिवशी फोटो पाठवला तो पूर्ण भिंतीचा, अभिमानाने.

अंगठासुद्धा आला नाही.

रविवारी सकाळी ती टेम्पोत चौकटी चढवून, हॉलच्या दारी ठरल्यापेक्षा अर्धा तास आधीच पोचली. पहिली चौकट स्वतः डोक्यावर धरून आत शिरली. खुर्च्या मांडून झाल्या होत्या. कोणी माईक तपासत होतं. आणि स्टेजवर, जिथे तिची भिंत उभी राहायची होती तिथे, वांगी-पांढऱ्या फुलांची एक भिंत आधीच उभी होती.

समोर मुलगा आणि मुलगी उभे होते. मुलगी अर्धी नटलेली, केसांना चिमटे लावलेली. दोघांनीही तिच्याकडे असं पाहिलं, जणू भिंतीतून माणूस बाहेर आलं.

"तुम्ही... आलात?" मुलगा म्हणाला.

"म्हणजे? यायचं नव्हतं?"

"फुलं घेऊन?"

"मग काय भाजी घेऊन येऊ?"

असं म्हणताना ती दोन पायऱ्या चढून स्टेजवर गेली आणि त्या भिंतीवरचं एक फूल तिने उलटं करून पाहिलं. खाली हिरवी पट्टी होती. जाड, ओबडधोबड, पायाला प्लास्टर घातल्यासारखी.

"ही माझी फुलं आहेत!" ती ओरडली.

"ताई, असं कसं म्हणता?" मुलगा म्हणाला. "ही आम्ही दुसऱ्यांकडून..."

"हे माझ्या नवऱ्याचं पट्टी गुंडाळणं आहे! जगात असं दुसरं कोणी गुंडाळत नाही!"

पडद्याआडून डेकोरेशनवाले दादा बाहेर आले. कागदीताईला पाहून ते परत पडद्याआड जायला निघाले, पण पडदा त्यांनीच इतका घट्ट बांधला होता की तो सरकेना.

"दादा," कागदीताई म्हणाली, "ती फसवणारी बाई कोण होती?"

दादांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने मुलीकडे पाहिलं. मुलीने कागदीताईकडे पाहिलं. माईकवाला "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" म्हणाला.

"मी," कागदीताई म्हणाली. हातातली चौकट तिने हळूच खाली ठेवली. आपण फोनवर त्या बाईला काय काय म्हणालो, ते तिला एकेक शब्द आठवत होतं. "अशा बाईला दारात उभी करू नका, याला बरोबर केलंत म्हणाले मी."

"तुम्ही फोटो जुने पाठवलेत," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "मी रोज हेच काम करतो, ताई. घड्याळ बंद पडू शकतं. केळं प्लास्टिकचं असू शकतं. पण पहिल्या आठवड्यात त्याच केळ्याची साल अर्धी सोललेली होती."

"ठकूने खाल्लं होतं," कागदीताई म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. झारी, बादली, दोनशे ऐंशी फुलं, सेल, भाजीबाजार. काही राखलं नाही. सेल अजून पर्समध्ये होते, ते काढून दाखवले. पुरावा म्हणून त्यांचा काही उपयोग नव्हता, पण हाताला काहीतरी करायला हवं होतं.

मुलगी ऐकत राहिली. तिचे डोळे भरले होते, आणि अर्धवट नटलेल्या चेहऱ्यावर ते फारच मोठे दिसत होते.

"आम्ही एकच गोष्ट मागितली होती," ती म्हणाली.

"हो."

"फुलं नसती झाली तरी चाललं असतं. मी साध्या पडद्यापुढे लग्न केलं असतं. मला वाटलं, यांनासुद्धा आपलं काही पडलेलं नाही."

"उलट होतं," कागदीताई म्हणाली. "फार पडलं होतं. तुम्ही लग्नच करणार नाही या भीतीने मी... मला भीती वाटली, की लगेच मी सगळ्यांच्या वाटेतून सगळं उचलून ठेवते. तुमच्या वाटेतून खरं उचलून ठेवलं. चुकले मी."

मग मुलगी नाक ओढत हसली.

"आम्ही तरी कुठे सांगितलं तुम्हाला?" ती मुलाकडे वळली. "मी म्हणत होते, त्यांना सरळ फोन कर आणि विचार. तू म्हणालास, पुरावा जमू दे."

मुलाचे कान लाल झाले. "सवय आहे," तो पुटपुटला. "माफ करा, ताई. फसवतील म्हणून घाबरून मीही तुमच्यापासून लपवलंच."

"आणि मी काय केलं?" दादा घाईघाईने म्हणाले. "मी तर नुसते पडदे लावले!"

"तुम्ही 'आपले कारागीर आहेत' म्हणालात," मुलगा म्हणाला.

"मग? आहेतच की आपले," दादा कागदीताईकडे बोट दाखवत म्हणाले.

दादांची भिंत स्टेजवर राहिली आणि कागदीताईची, म्हणजे कागदीताईचीच दुसरी, दाराशी उभी केली. आत येणारा प्रत्येक पाहुणा फुलांमधून आत येत होता आणि फुलांकडे बघत बसत होता. लग्न वेळेवर लागलं. मुलीला दिवसभरात एकही शिंक आली नाही. कागदीताई निघणार होती, पण मुलीने तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "आज तुम्ही जेवूनच जायचं. जुना फोटो पाठवून चालणार नाही."

जेवताना मुलीची मावसबहीण येऊन शेजारी बसली. तिचं लग्न नुकतंच ठरलं होतं, आणि लग्न ठरलेल्या माणसासारखी ती प्रत्येक वस्तूकडे संशयाने बघत होती.

"फुलं कोणी केली गं?" तिने नवरीला विचारलं. "भरवशाचे आहेत का?"

नवरीने कागदीताईच्या खांद्यावर हात ठेवला. "या ताईंनी. भरवशाचं काय विचारतेस! या येणार नाहीत म्हणून आम्ही ज्यांना ठरवलं, त्यांच्याकडूनही याच आल्या!"

मावसबहिणीला नीट कळलं नाही, पण ती प्रभावित झाली. तिने लगेच तारीख सांगितली, रंग सांगितला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "राग मानू नका हं, ताई. पण समजा, तुम्हाला काही अडचण आलीच, तर ऐनवेळी दुसरं कोणी आहे का?"

कागदीताईने घास खाली ठेवला आणि विचार केला. पंधरवड्यात पहिल्यांदाच तिने एका लग्नाळू मुलीला विचारल्याबरोबर पूर्ण खरं सांगितलं.

"आहेत की," ती म्हणाली. "पण तेही मलाच फोन करतील."